वेस्टमिन्स्टरचा पूल आणि आपली प्रश्नपत्रिका: इंग्रजीच्या अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांची इंग्रजी अभ्यास मंडळे, पेपर सेटर, मॉडरेटर आणि गाइडांचे लेखक यांस,

सप्रेम नमस्कार.

वर्डस्वर्थचे ‘कम्पोज्ड अपॉन वेस्टमिन्स्टर ब्रिज’ हे सुनीत (सॉनेट, चौदा ओळींची कविता) बी.ए.च्या वर्गांना अधूनमधून नेमले जाते. अभ्यासक्रम बदलला की कविता या युनिटमधून त्या युनिटमध्ये जाते, प्रश्न मात्र तोच राहतो: ‘या कवितेच्या आधारे निसर्गकवी म्हणून वर्डस्वर्थचे मूल्यमापन करा.’ दहा गुण. उत्तरही ठरलेले. त्यात लेक डिस्ट्रिक्ट (वर्डस्वर्थचा सरोवरांचा प्रदेश) येते, डॅफोडिल्स येतात, साधी भाषा येते, आणि शेवटी ‘अशा प्रकारे वर्डस्वर्थ हा थोर निसर्गकवी होता’. नेमलेल्या कवितेतली एक ओळही न वाचता हे उत्तर लिहिता येते, आणि त्याला सहा-सात गुण मिळतातही.

या कवितेत झाड नाही, पाखरू नाही, फूल नाही. दरी, खडक आणि टेकडी एकदाच, दहाव्या ओळीत येतात. तीही एवढेच सांगायला की कोवळ्या उन्हात त्या कधी या शहराइतक्या सुंदर न्हाल्या नाहीत. ज्या कवीची सारी कीर्ती डोंगरदऱ्यांवर उभी आहे, तो इथे डोंगरदऱ्यांना शहरापुढे दुय्यम ठरवतो. ‘निसर्गकवी’ या साच्यात कविता कोंबली की नेमकी हीच गंमत हातची जाते. आमचे म्हणणे असे की ही एका विशिष्ट जागेवरून, विशिष्ट वेळी, धूर नसताना दिसलेल्या शहराची कविता आहे. ती तशीच शिकवावी आणि प्रश्नही तसेच काढावेत.

आधी चित्राबद्दल. पीपीटीवर आणि गाइडांच्या मुखपृष्ठावर या कवितेसोबत बिग बेन असतो, कधी टॉवर ब्रिज, एखाद्या उत्साही ठिकाणी लंडन आयसुद्धा. 1802 मध्ये यातले काहीही नव्हते. जुना संसद प्रासाद 1834 च्या आगीत गेला. आजचा घड्याळाचा मनोरा 1859 चा, टॉवर ब्रिज 1894 चा. आज दिसणारा हिरव्या रंगाचा लोखंडी पूलसुद्धा 1862 मध्ये खुला झालेला. वर्डस्वर्थ गेला तो दगडी पूल चार्ल्स लॅबेली या स्विस अभियंत्याने बांधलेला, 1750 मध्ये खुला झालेला. बांधकाम चालू असतानाच त्याचा एक खांब खचला होता आणि पुढेही त्याची दुखणी संपली नाहीत, म्हणून तर नवा बांधावा लागला. शहराच्या मध्यभागी तेव्हा नदीवर पूल तीनच: जुना लंडन ब्रिज, ब्लॅकफ्रायर्स आणि हा.

चुकीचे चित्र लावले म्हणून काय बिघडते? विद्यार्थी ‘टॉवर्स’ वाचतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. कवितेतले शहर बैठे आहे. त्यातून वर येतात ती चर्चांची शिखरे आणि सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट. म्हणून तर हे शहर ‘शेतांकडे आणि आकाशाकडे उघडे’ असू शकते. दक्षिण काठावर लँबेथच्या बाजूला तेव्हा खरोखरच मोकळी शेते होती. ‘थिएटर्स’सुद्धा हवेतून आलेली नाहीत. ॲस्टलीचे घोड्यांच्या कसरतींचे प्रसिद्ध नाट्यगृह पुलाच्या दक्षिण टोकाजवळच होते. ‘टेम्पल्स’ म्हणजे इथे चर्चे. हे न सांगितल्यामुळे ‘लंडनमध्ये मंदिरे होती’ असे वाक्य उत्तरपत्रिकेत दर वर्षी उगवते. चित्र हवेच असेल तर कानालेत्तो या इटालियन चित्रकाराने या पुलाची काढलेली चित्रे लावा. ती 1746-47 च्या सुमाराची आहेत, म्हणजे कवितेच्या अर्धशतकभर आधीची, पण पूल तोच आणि शहराची उंची जवळपास तीच.

आता कवी उभा कुठे होता? उभा नव्हताच. ‘पुलावर उभा राहून कवी पहाटेचे सौंदर्य न्याहाळतो’ हे वाक्य गाइडांमधून उत्तरांत उतरते, आणि त्यात दोन चुका आहेत. वर्डस्वर्थने म्हातारपणी या कवितेवर जी टीप सांगून लिहवून घेतली, तीत कविता फ्रान्सला जाताना कोचच्या (प्रवासी घोडागाडीच्या) छतावर लिहिली, असे आहे. बहीण डॉरथीची रोजनिशी अधिक नेमकी: शनिवार, 31 जुलै 1802, सकाळी साडेपाच ते सहाच्या दरम्यान लंडन सोडले, चॅरिंग क्रॉसला डोव्हरच्या कोचवर चढले, पुलावरून जाताना सेंट पॉल, नदी आणि असंख्य लहान होड्या दिसल्या. घरांवर नेहमीचा धुराचा ढग नव्हता, हेही तिने टिपले आहे. जुलैअखेर लंडनला सूर्य साडेचारच्या आतच उगवतो. म्हणजे सूर्य वर येऊन तास उलटून गेला होता. ही पहाट नव्हे, लख्ख सकाळ आहे. कविताही ‘मॉर्निंग’च म्हणते, झुंजूमुंजू वगैरे आपण घालतो.

छतावरची जागा महत्त्वाची. आतल्या जागेपेक्षा तिचे भाडे कमी, वारा-पाऊस अंगावर, पण तिथे बसलेल्या माणसाची नजर कठड्यावरून पार जाते. कोच पूर्वेकडे चाललेला, त्यामुळे सूर्य बराचसा समोर, किंचित डावीकडे. सेंट पॉलचा घुमट डाव्या हाताला, ईशान्येला, सव्वादोन किलोमीटरच्या आसपास. असे समोरून येणारे तिरपे ऊन पाण्यावर आणि ओल्या छपरांवर पडले की सगळे चकाकते. आठव्या ओळीतल्या ‘ग्लिटरिंग’ला हा आधार आहे. हा नकाशा फळ्यावर काढायला दोन मिनिटे लागतात: एक आडवी रेघ, एक बाण, एक सूर्य, एक घुमट. एवढे केल्यावर आम्ही दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवतो, जिच्यात म्हटले आहे की हे दृश्य पाहून जो नुसता पुढे निघून जाईल तो मंद आत्म्याचा. आणि कवी स्वतः कुठे बसला आहे? पुढे निघून जाणाऱ्या गाडीवर. पाचव्या ओळीत तो शहराला ‘सायलेंट’ म्हणतो, तेव्हा खाली घोड्यांच्या टापा आणि दगडी रस्त्यावर लोखंडी धावांचा खडखडाट चालू असणार. ते सारे त्याने गाळले. डॉरथीने टिपलेल्या असंख्य होड्याही गाळल्या. ‘कवीने काय गाळले?’ हा प्रश्न परीक्षेत येत नाही, आणि आमच्या मते तो सर्वांत चांगला प्रश्न आहे.

फ्रान्सला तो का चालला होता, हे दोन वाक्यांत सांगून पुढे जावे. 1793 पासून चाललेले युद्ध मार्च 1802 च्या आमियाँच्या तहाने थांबले होते. कॅले बंदरात आनेत व्हालों आणि तिच्यापासून झालेली नऊ वर्षांची मुलगी कॅरोलीन यांना भेटायचे होते, कारण ऑक्टोबरात मेरी हचिन्सनशी लग्न ठरले होते. काही वर्गांत याच मुद्द्यावर अर्धा तास जातो, आणि मुलांच्या लक्षात नेमके तेवढेच राहते.

शीर्षकातली तारीख 3 सप्टेंबर 1802 ची. 1807 च्या पहिल्या छापील आवृत्तीत तर साल 1803 पडले होते, ते नंतर दुरुस्त झाले. 3 सप्टेंबरला भावंडे कॅलेहून परतून लंडनमध्ये होती. म्हणजे दृश्य जुलैअखेरचे आणि शीर्षक सप्टेंबरचे. ‘ही कविता कोणत्या तारखेच्या दृश्यावर आहे?’ असा एक गुणाचा एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) काढून उत्तरसूचीत 3 सप्टेंबर छापणे बंद व्हावे. ज्या मुलाने रोजनिशीतला उतारा वाचला आहे, त्याचाच गुण जातो.

धुराकडे येऊ, कारण सारी कविता त्या एका गोष्टीवर टांगलेली आहे. लंडनच्या घराघरात दगडी कोळशाच्या शेगड्या. कोळसा न्यूकॅसलहून समुद्रमार्गे येई. 1801 च्या इंग्लंडच्या पहिल्या जनगणनेत लंडनची वस्ती दहा लाखांच्या जवळ होती. इतक्या चिमण्या एकदम पेटल्या की घुमट सोडा, पलीकडचा काठ धूसर व्हायचा. साडेपाचला त्या पेटलेल्या नसतात, त्यात उन्हाळा. पुढच्या तासाभरात शेगड्या पेटणार आणि दृश्य जाणार. आपल्या विद्यार्थ्याला इथे वेगळीच अडचण येते. गावाकडच्या सकाळीलाच धूर असतो. चुली पेटलेल्या, छपरांवर धुराचा पट्टा साचलेला. त्यामुळे आठव्या ओळीतले ‘स्मोकलेस’ (धूर नसलेले) हे त्याला सकाळचे नेहमीचे कौतुक वाटते आणि तो पुढे सरकतो. लंडनमध्ये क्रम उलटा होता, हे सांगितल्याशिवाय या विशेषणाचे वजन कळत नाही.

हे कळले की चौथ्या-पाचव्या ओळींचे कोडेही सुटते. शहराने सकाळचे सौंदर्य वस्त्रासारखे ल्यायले आहे, असे म्हणून लगेच इमारतींना ‘बेअर’, उघड्या, म्हटले आहे. वस्त्र ल्यायलेले की उघडे? बरीच गाइडे इथे ‘विरोधाभास अलंकार’ लिहून मोकळी होतात. व्याकरण पाहा. वस्त्र शहराने घातले आहे आणि ‘सायलेंट, बेअर’ ही विशेषणे पुढच्या ओळीतल्या जहाजांना, मनोऱ्यांना, घुमटांना लागतात. अंगावरून उतरला आहे तो धूर, चढले आहे ते ऊन. कारागिरी तर याहून बारीक आहे: ‘वेअर’ आणि ‘बेअर’ हे दोन शब्द लागोपाठच्या ओळींच्या टोकाला यमकात बांधलेले आहेत. ल्यायलेले आणि उघडे एकाच नादात. हे वर्गात मोठ्याने वाचून दाखवले तर वेगळे समजवावे लागत नाही.

सहावी ओळ ऐका: ‘शिप्स, टॉवर्स, डोम्स, थिएटर्स, अँड टेम्पल्स लाय’. पाच अनेकवचनी नामे, या ओळीत एकालाही स्वतःचे विशेषण नाही, आणि क्रियापद ओळीच्या अगदी टोकाला, तेही अर्धवट. ‘लाय ओपन’ म्हणायला पुढच्या ओळीवर जावे लागते. बहुतेक शिक्षक ओळीच्या शेवटी थांबतात आणि अर्थ तुटतो. ओळीने नव्हे, वाक्याने वाचा. तसे वाचले की आणखी एक गोष्ट ऐकू येते. चौथ्या ओळीपासून आठवीपर्यंत एक दमाचे वाक्य धावते. नववी-दहावी मिळून एक. मग अकरावी, बारावी, तेरावी, चौदावी, प्रत्येक ओळ स्वतंत्र विधान. वाक्ये आखूड होत जातात आणि वाचणाऱ्याला थांबत थांबत जावे लागते. शांततेबद्दलच्या ओळी स्वतःच संथ झालेल्या आहेत.

छंदाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या मुलांची फसगत इथेच होते. शाळेत त्यांनी लघु-गुरू आणि गण शिकलेले असतात. ती सवय घेऊन ते इंग्रजी ओळीची अक्षरे मोजतात. पहिली ओळ देवनागरीत लिहा: ‘अर्थ हॅज नॉट एनिथिंग टू शो मोर फेअर’. आपल्या पद्धतीने मोजली तर अक्षरे सतरा भरतात. इंग्रजी कानाला ती दहा आहेत, कारण ‘अर्थ’, ‘हॅज’, ‘फेअर’ हे प्रत्येकी एकच उच्चारघटक. आणि मोजायचे ते ऱ्हस्व-दीर्घ नव्हे, आघात. नेमाने आघात दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या घटकावर पडायला हवा. इथे मात्र पहिलाच आघात ‘अर्थ’वर येतो, म्हणजे पहिला गण उलटा, बाकीचे सरळ. नववी ओळ ‘नेव्हर’ने सुरू होते, तिथेही तसेच. म्हणजे पहिल्या आठ आणि शेवटच्या सहा ओळी अशा दोन्ही भागांच्या तोंडाशी मोठा दावा आणि त्याला ठोका. ‘टॉवर्स’ आणि ‘थिएटर्स’ यांचे घटक दोन मोजायचे की एक-तीन, यावर मुले भांडतात. दोन्ही तऱ्हांनी ओळ दहाचीच भरते, म्हणून त्यावर गुण कापू नयेत.

यमकांची रचना एबीबीए एबीबीए सीडीसीडीसीडी आहे. शेवटच्या सहा ओळींत स्टीप-डीप-अस्लीप आणि हिल-विल-स्टिल असे दोनच नाद. काही गाइडांत सीडीई सीडीई छापले आहे, ते सरळ चूक. ‘बाय’, ‘लाय’, ‘स्काय’ यांच्याबरोबर ‘मॅजेस्टी’ आजच्या उच्चारात बसत नाही. जुन्या इंग्रजी कवितेत असे यमक चालते, एवढे सांगावे.

वळण नवव्या ओळीवर आहे, हे मुले पाठ करून येतात; काय वळले ते सांगता येत नाही. आठव्या ओळीपर्यंत शहर दिसते. नवव्यापासून त्याची तुलना निसर्गाशी होते आणि अकराव्या ओळीत कवितेतला पहिला ‘मी’ येतो. त्याआधी ‘मी’ कुठेही नाही. मराठीतून शिकलेल्यांना हे केशवसुतांकडून सोपे जाते. त्यांनी 1892 मध्ये ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून हा सुनीताचा प्रकार, चतुर्दशक या नावाने, मराठीत आणला. इंग्रजीच्या तासाला मराठी कवितेचे नाव घेणे कमीपणाचे मानणाऱ्यांनी ते एकदा घेऊन पाहावे. वर्डस्वर्थ स्वतः सुनीताकडे या कवितेच्याच वर्षी जोमाने वळला होता. मे 1802 मध्ये डॉरथीने त्याला मिल्टनची सुनीते वाचून दाखवल्याची नोंद आहे.

बाराव्या ओळीतली नदी ‘आपल्या गोड मर्जीने’ वाहते. वेस्टमिन्स्टरला थेम्स भरती-ओहोटीची आहे. दिवसातून साधारण दोनदा उलटी वाहते. शिवाय उत्तर काठाचा दगडी बंधारा 1870 पर्यंत पुरा झालेला नव्हता, पात्र आजच्याहून रुंद आणि सैल. म्हणजे मर्जी हा शब्द नुसता लडिवाळ नाही. शेवटच्या ओळीतले ‘मायटी हार्ट’ शांत पडले आहे. हृदय शांत पडणे म्हणजे झोप, आणि दुसरा अर्थही मुले लगेच ओळखतात. क्लिअन्थ ब्रुक्स या अमेरिकन समीक्षकाने 1947 मध्ये या कवितेवर लिहिताना नेमके हेच पकडले: एरवी यंत्रासारखे वाटणारे शहर झोपल्यावरच जिवंत वाटते. ‘पॅराडॉक्स’ (विरोधाभास) हा शब्द गाइडांत तिथून आला. युक्तिवाद मात्र वाटेत सांडला.

आणखी एक गोंधळ. ‘लंडन, 1802’ हे वर्डस्वर्थचे दुसरे सुनीत, त्याच सप्टेंबरातले. त्यात इंग्लंड म्हणजे साचलेल्या पाण्याची दलदल आहे आणि मिल्टनला हाक आहे. दोन्ही 1807 च्या त्याच संग्रहात, पण वेगळ्या विभागांत आली. मुले दोन्हींच्या ओळी एकमेकांत मिसळतात. यावर उपाय म्हणजे दोन्ही शेजारी नेमणे. एकाच महिन्याशी बांधलेली ही दोन चित्रे शेजारी ठेवली की ‘कवीला शहर आवडत होते का?’ या प्रश्नाला पाठांतराचे उत्तर उरत नाही.

आता गुणांचे. कॅपला (उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर) तपासनीसासमोर गठ्ठा असतो, हातात मॉडेल आन्सर, आणि त्यात मुद्दे: निसर्गकवी, साधी भाषा, लेक डिस्ट्रिक्ट. तो मुद्दे शोधतो, खुणा करतो, गुण देतो. दोष त्याचा नाही. नुसता प्रश्न बदलून भागणार नाही, मॉडेल आन्सरही बदलावे लागेल. दहापैकी निदान चार गुण ओळीवर बोट ठेवण्यासाठी राखून ठेवा, आणि ओळ क्रमांकासह उद्धृत नसेल तर ते देऊ नका. प्रश्न असे विचारता येतील: शहराने वस्त्र ल्यायले आहे आणि इमारती उघड्या आहेत, हे एकत्र कसे जमते? पाच गुण. ‘स्मोकलेस’ काढून टाकले तर पहिल्या आठ ओळींचे काय होईल? पाच गुण. दहा लाखांच्या शहराच्या कवितेत माणसे का दिसत नाहीत? दहा गुण, इथे ‘मी’ आणि दुसऱ्या ओळीतला ‘तो’ यांचा उल्लेख करणाऱ्यास जास्त. डॉरथीचा उतारा छापून कवितेशी ताडून पाहायला सांगणे हा तर तयार प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आजच्या कुठल्याच गाइडातून उतरवता येणार नाही.

अंतर्गत मूल्यमापनासाठी: विद्यार्थ्याने एकच जागा निवडावी, पूल, गच्ची, एसटी स्टँडचा जिना, काहीही. सकाळी एकदा आणि गर्दीच्या वेळी एकदा तिथून दिसणारी फक्त नामे लिहावीत, विशेषण एकही नाही. मग ठरवावे की विशेषण कोणत्या नामाला लागते आणि का. ‘निसर्गाचे महत्त्व’ यावरची पंधरा पानी प्रोजेक्ट फाइल त्याऐवजी बंद करता येईल. या कवितेला तास तीन पुरतात. पहिला जागा, वेळ आणि धुरासाठी, दुसरा पूर्णपणे मोठ्याने वाचनासाठी, तिसरा ‘लंडन, 1802’ शेजारी ठेवून. तासच कमी असतील तर कवीच्या चरित्राचे युनिट कापा, वाचनाचा तास कापू नका.

नव्या अभ्यासक्रमाला बैठका लागतात, ठराव लागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याआधी, येत्या सत्राच्या प्रश्नपेढीतच करता येण्याजोगे एवढे: यमकरचनेची उत्तरसूची सुधारावी, तारखेचा एमसीक्यू काढावा, ‘कवी कुठे आहे?’ याला ‘पुलावर उभा’ हा बरोबर पर्याय म्हणून देऊ नये, आणि बिग बेनची स्लाइड बदलावी.

आपले,
इंग्रजी शिकवणारे आणि उत्तरपत्रिका तपासणारे काही प्राध्यापक